चेकिंगकाका आणि शरूचे लंगोट

आमच्या शरूच्या बारशाला पाळण्यात सगळ्यात आधी गहू झोपले. फुलांच्या माळा लावून झाल्या होत्या, बायका ओटी घेऊन बसल्या होत्या, आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे काका हातात दहा किलो गव्हाची पिशवी घेऊन आत आले. "दोन मिनिटं थांबा," म्हणाले आणि पिशवी त्यांनी पाळण्यात आडवी ठेवली. पाळणा हळू हलवला, मग जरा जोरात. वरच्या कडीकडे मान वर करून बघत राहिले. एक हूक किंचित फिरत होता. खिशातून पक्कड काढून त्यांनी तो आवळला, गहू पुन्हा झुलवले आणि पिशवी काखेत मारून म्हणाले, "आता ठेवा बाळाला."

माझ्या सासूबाई लासलगावकडच्या. त्या माझ्या कानाशी लागल्या, "हे कोन हायेत? लेकरू सोडून गहू काय जोजवतात?"

हे म्हणजे आमचे चेकिंगकाका. आडगाव नाक्याच्या पुढे आमची चार मजली इमारत आहे, तिथे तळमजल्यावर ते एकटे राहायचे. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तीसेक वर्षं तपासणी खात्यात काढलेली. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. एकुलती मुलगी मेघना लग्न होऊन हैदराबादला. नोकरी संपली तरी काकांचा हात तपासायचा थांबला नव्हता. भाजीवाल्याच्या काट्यावर ते आधी स्वतःचं अर्ध्या किलोचं वजन ठेवायचे. लिफ्टमध्ये शिरताना उंबरठ्यावर एक पाय दाबून बघायचे. सोसायटीत नवीन गेट बसलं तेव्हा त्यांनी ते एका दुपारी शंभर वेळा उघडलं आणि लावलं; एकशे एकाव्या वेळी बिजागरी निखळली आणि ठेकेदाराला परत यावं लागलं. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "कागदावर सगळंच उडतं." कुणी कशाची जाहिरात वाचून दाखवली की काका हे म्हणायचे आणि चष्मा पुसायला घ्यायचे.

शरू अडीच महिन्यांची असताना त्यांची आणि आमच्या घराची खरी गाठ पडली. निखिल, माझा नवरा, सातपूरच्या एका कंपनीत मशीनवर आहे. त्या सुमारास त्याचा ओव्हरटाइम बंद झाला आणि मी चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीतून बिनपगारी रजेवर होते. डायपरचं मोठं पाकीट आणलं की आठवड्यात रिकामं. वर शरूच्या मांड्यांना लाल चट्टे उठले. डॉक्टर म्हणाले, थोडी हवा लागू द्या. सासूबाईंनी लगेच ट्रंकेतून जुन्या धोतराचे त्रिकोणी लंगोट काढले. "आमची पोरं ह्याच्यावर वाढली. कोन आजारी पडलं नाय." लंगोट खरंच मऊ होते. पण शरू दर पाऊण तासाला ओली, तिच्याबरोबर दुपटं, चादर आणि मांडीवर घेणारा माणूसही ओला. दिवसाला वीस-बावीस लंगोट दोरीवर आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले.

मग मी फोनवर बघून एक कापडी डायपर मागवला. बाहेरून चड्डीसारखं कव्हर, त्याला टिचबटणांच्या रांगा, आत पाणी शोषणारी कापडाची जाड घडी. एकदा घेतला की दोन वर्षं पुरेल असं लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी तो अर्ध्या तासात गळला. मी चिडून तो धुतला आणि बाल्कनीत टाकला. दुपारी बेल वाजली. दारात काका, हातात आमचा डायपर. वाऱ्याने खाली पडला होता.

"ही पिशवी आहे की चड्डी?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं काय आहे ते, आणि पैसे वाया गेले हेही. काकांनी टिचबटणं एकेक करून लावली, काढली. इलास्टिक ताणून सोडलं. घडी उजेडात धरली.

"किती पाणी धरतो?"

"मला काय माहीत काका, गळतो एवढं माहीत आहे."

"गळतो हे उत्तर नाही. कुठून गळतो? घडीतून, कव्हरातून की कडेने? मला एक दिवस दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावलं. त्यांच्या जेवणाच्या टेबलावर मेघनाच्या लहानपणची मोठी प्लास्टिकची बाहुली आडवी पडली होती, शोकेसमध्ये असायची तीच. तिच्या पाठीतून काकांनी सलाइनची नळी आत घातली होती आणि ती पुढच्या बाजूने, जिथून यायला हवी तिथून, बाहेर आली होती. नळीचं दुसरं टोक एका बाटलीला. "मेघनाला सांगू नकोस," काका म्हणाले. सासूबाई माझ्यामागून खाली आल्या होत्या. त्यांनी बाहुलीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, पदर तोंडाला लावला आणि खुर्चीवर बसून हसत सुटल्या.

पहिल्या चाचणीत कळलं की घडी नवी कोरी असल्यामुळे पाणी पितच नव्हती. थेंब तिच्यावरून घरंगळून जात होते, तेलकट तव्यावरून जावे तसे. काकांनी ती पाच-सहा वेळा धुवायला लावली. प्रत्येक धुण्यानंतर पुन्हा बाहुली, पुन्हा नळी. सहाव्या धुण्यानंतर घडीने पाणी गपकन ओढून घेतलं. मग दुसरा दोष सापडला. मांडीपाशी कव्हर सैल होतं. त्यांनी मला दाखवलं, "इथे दोन बोटं सहज जातात, म्हणजे पाणीही जातं. बटण एक घर मागे घे." मी घेतलं. त्या दिवशी शरू दोन तास कोरडी राहिली. सासूबाईंनी चार वेळा हात घालून बघितलं आणि शेवटी म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या बाहुलीला अक्कल हाय."

काका अशा कौतुकाने खुलायचे नाहीत. "पास झालं की माणूस बघायचं थांबतो," म्हणाले. "फेल झालं की बघायला लागतो. मला फेल झालेला माल जास्त आवडायचा."

आम्ही एकदम डझनभर न घेता दोन-दोन करत घेतले. काही एका ओळखीच्या बाईकडून तिच्या मुलाचे वापरलेले मिळाले, ते तर धुऊन धुऊन आधीच तयार झालेले होते आणि नव्यापेक्षा चांगले चालले. बाहेरगावी जाताना बाजारातले डायपर, घरी कापडी, आणि अंघोळीनंतर उन्हात सासूबाईंचे धोतराचे लंगोट, असा आमचा कारभार बसला. चट्टे गेले. मी दोन आठवडे खुशीत होते.

आणि मग एका आठवड्यात सगळेच गळायला लागले. नवे, जुने, सगळे. मी काकांकडे नेऊन ढीग ओतला. काकांना आनंद लपवता येईना. त्यांनी बाहुली काढली, तपासलं, इलास्टिक ठीक, बटणं ठीक, घडी मात्र पहिल्या दिवसासारखी पाणी ढकलत होती. त्यांनी घडी नाकाला लावली.

"याला गुलाबाचा वास कसा?"

मला माहीत नव्हतं. काका जिना चढून वर आले आणि आमच्या मशीनपाशी उभे राहून त्यांनी घरातल्या एकेकाला विचारलं, कोण धुतं, काय टाकतं, किती टाकतं. कारखान्यात असेच विचारत असणार, आवाज न चढवता. शेवटी निखिल म्हणाला, "मी ते कपडे मऊ करायचं लिक्विड टाकतो. बाळाचे कपडे आहेत, मऊ नकोत का?"

"मऊ झाले," काका म्हणाले. "पण त्याचा थर बसला. तुझ्या पोरीने रेनकोट घातला, तोही आतून."

गरम पाण्यात तीनदा नुसतेच खळबळून काढले तेव्हा डायपर ताळ्यावर आले. निखिलला वाईट वाटलं होतं. काका जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धुणारा नवरा आहेस. तुझी चूक सापडली कारण तू काम करतोस. माझी कधी सापडलीच नसती."

तेव्हा मला ते वाक्य नीट कळलं नाही.

मोठी अडचण पुढेच होती. शरू सहा महिन्यांची होत आली होती, दुकानाच्या मालकांनी पहिल्या तारखेला ये नाहीतर दुसरी मुलगी बघतो, असं सरळ सांगितलं होतं. सासूबाईंना गावी सासऱ्यांकडे परतायचं होतं. जवळचं पाळणाघर चालवणाऱ्या बाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "कापडी आमच्याकडे नको. पंधरा मुलं आहेत. घाण झालेली धुवायची कुणी आणि ठेवायची कुठे? बाजारचे डायपर आणा, रोज पाच." रोजचे पाच म्हणजे आम्ही जिथून निघालो होतो तिथेच परत. शिवाय चट्टे पुन्हा उठतील ही धाकधूक. मी घरी येऊन काकांच्या पायरीवरच बसले आणि नोकरी सोडते म्हणाले.

काकांनी चहा टाकला. मग म्हणाले, "आपल्याकडे गाड्या गॅसवर चालतात, गॅस संपला की पेट्रोलवर. गाडी तीच. तुझं कव्हर तेच ठेवलं आणि आत कापडाऐवजी फेकायचं पॅड घातलं तर?"

असे डायपर मिळतात हे आम्हाला फोनवर शोधल्यावर कळलं, त्यांना हायब्रिड म्हणतात आणि त्यांची पॅडं वेगळी विकत मिळतात. बाहेरचं कव्हर कापडी, आतलं पॅड हवं तर धुवायचं, हवं तर फेकायचं. पाळणाघरात फेकायचं आणि घरी धुवायचं, असं ठरलं. पॅड अख्ख्या डायपरपेक्षा बरंच स्वस्त पडत होतं. पण बाईंना पटवायचं कसं? "मी येतो," काका म्हणाले, आणि बाहुली पिशवीत भरली.

पाळणाघरात ती सकाळ मी विसरणार नाही. काका सतरंजीवर मांडी घालून बसले, भोवती रांगणारी मुलं जमली. बाई हाताची घडी घालून उभ्या. काकांनी बाहुलीला कव्हर घातलं, पॅड बसवलं, एक-दोन वाक्यांत समजावलं आणि बाटली उंच धरली. अर्ध्या मिनिटात सतरंजीवर पाण्याचं तळं झालं. एक मूल त्यात टाळ्या वाजवत बसलं.

मी डोळे मिटून घेतले. नोकरी गेली असं मनाशी म्हणाले.

काकांनी कव्हर उघडलं, वाकून बघितलं. "पॅडची कड बाहेर राहिली होती," ते म्हणाले. "डायपर बरोबर आहे. घालणारा फेल. घाई केली मी." मग त्यांनी स्वतः बाईंकडून फडकं मागून घेतलं, गुडघ्यावर बसून सतरंजी पुसली, आणि म्हणाले, "ताई, तुम्ही घालून बघा. तुमचा हात बसलेला आहे, माझा नाही."

बाईंनी पदर खोचला. त्यांनी ज्या वेगाने ते पॅड आत सरकवून कडा दुमडल्या, बटणं टकटक लावली, ते बघण्यासारखं होतं. बाटली पूर्ण रिकामी झाली, थेंब बाहेर आला नाही. त्यांनी बाहुली उलटीपालटी करून बघितली.

"बरं," त्या म्हणाल्या. "पॅड मी टाकून देईन. कव्हर पिशवीत घालून घरी पाठवीन. पण पिशवी रोज द्यायची, आणि ती वास न येणारी." मग काकांकडे वळून, "इथे लोक येतात ते सांगतात, आमचंच बरोबर. चूक झाली म्हणणारे तुम्ही पहिले."

मी पहिल्या तारखेला कामावर गेले.

या सगळ्या महिन्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. काकांनी डायपरचं सगळं केलं, पण शरूला डायपर कधी घातला नव्हता. मी बदलायला घेतलं की ते मागे सरायचे, खिडकीतून बाहेर बघायचे. एका रविवारी सकाळी मी सहज विचारलं, "काका, आज तुम्ही घालता का?"

ते ओशाळले. "मला येत नाही गं."

"एवढे चाचण्या करणारे तुम्ही."

"बाहुलीवर." थोडा वेळ ते टिचबटणाशी खेळत राहिले. "मेघना झाली तेव्हा मी कारखान्यात. शिफ्ट, नाहीतर शिफ्ट संपवून झोप. पोर ओली कधी झाली, कोरडी कुणी केली, मला पत्ता नाही. विमानाच्या पंखाला रिव्हेट किती ते मला पाठ. सगळं हिने, मेघनाच्या आईने केलं. हिने कधी म्हटलंही नाही की तुम्ही करा. मीही कधी विचारलं नाही." मग म्हणाले, "आता मेघनाला आठवा लागलाय. सांगितलं नव्हतं मी कुणाला. तिकडे तिच्या सासूबाईंना उठबस होत नाही. बाई ठेवणार म्हणाली. आई असती तर आई गेली असती. बाप जाऊन काय करणार?"

मी शरूला त्यांच्यासमोर आडवी केली. "आधी हे करा," म्हणाले.

त्यांना अकरा मिनिटं लागली. शरूने त्यांचा चष्मा ओढला, एक पाय सोडवून घेतला, उपडी झाली. बटणं एकदा वाकडी लागली, पुन्हा काढली. सासूबाई त्या दिवशी गावाहून आलेल्या होत्या. त्या शेजारी बसून सांगत होत्या, "भाऊ, पाय धरा, पाय. कांद्याची गोन शिवताना कसं तोंड आवळून धरतात, तसं. दाबू नका, धरा नुसतं." झालं एकदाचं. काकांनी दोन बोटं मांडीपाशी फिरवली आणि घाम पुसला. त्यानंतर पंधरा-वीस दिवस ते रोज सकाळी वर यायचे आणि शरूचा एक डायपर त्यांचा असायचा. अकरा मिनिटांची चार झाली, चाराची दोन.

मग एका संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर हैदराबादला फोन लावला. स्पीकर सुरू राहिला होता, त्यांना तो बंद करता येत नव्हता.

"मेघना, मी येऊ का तिकडे? बाळंतपणाला?"

ती म्हणाली, "तुम्ही? बाबा, तुम्ही काय करणार इथे?"

"लंगोट बदलीन. धुवीनही. येतं मला. दोन मिनिटं लागतात."

पलीकडे कुठलंतरी दार लागलं. मग तिचा आवाज आला, जरा बदललेला. "तिकीट काढते," ती म्हणाली.

काका महिनाभरासाठी म्हणून गेले. मी त्यांना त्या ओळखीच्या बाईकडून मिळालेले लहान मापाचे, शरूला आता न होणारे आठ डायपर बांधून दिले. एकेकाचं इलास्टिक त्यांनी ताणून बघितलं आणि दोन परत केले. महिन्याचे दोन झाले, दोनाचे सहा. अधूनमधून फोन यायचा, त्यात विमानाचा विषय नसायचा. तिकडच्या पाण्यात क्षार जास्त आहेत, घड्या कडक होतात, काय करू, असलं विचारायचे.

वर्षभराने ते आले ते फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरवून. बरोबर मेघना आणि तिचा दहा-अकरा महिन्यांचा मुलगा. शरू आता पळत होती आणि काकांना तिने ओळखलं नाही. काकांनी ते मनावर घेतलं नाही. सामान बांधून झाल्यावर सगळे आमच्याकडे चहाला आले.

मी आणि मेघना स्वयंपाकघरात होतो. बाहेर काका जमिनीवर बसून निखिलशी द्वारका चौकातल्या ट्रॅफिकबद्दल बोलत होते. नातू कुरकुरला. काकांनी बोलणं न थांबवता त्याला ओढून घेतलं, एका हातात दोन्ही पाय धरले, ओला काढला, पुसलं, कोरडा सरकवला, बटणं लावली. नजर निखिलकडे. वाक्य संपलं तेव्हा मूल रांगत सोफ्याखाली पोचलंही होतं.

मेघना दारात उभी राहून हे बघत होती. दुधाला उकळी आली, मी गॅस कमी केला.

"ऑफिसात मैत्रिणी विचारतात, पहिले सहा महिने कसे काढलेस," ती म्हणाली. "मी सांगते, बाबा होते ना. दर वेळी कुणीतरी मला दुरुस्त करतं. म्हणतं, आई म्हणायचंय का तुला?"

"मग?"

"मग मी पुन्हा सांगते. बाबा."

तिने कपांचा ट्रे उचलला आणि बाहेर नेला.